नाशिकच्या १२२ नगरसेवकांना एका झेरॉक्सवालीचं खुलं पत्र: आधी धुळीचा बोर्ड, मग ठेकेदाराचं बिल

नमस्कार नगरसेवक ताई-दादांनो,

निवडून आल्याबद्दल अभिनंदन करायचं राहूनच गेलं. मार्च २०२२ पासून आपल्या महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे, तुम्ही आलात जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत, त्यामुळे मधल्या पावणेचार वर्षांची पावती तुमच्या नावाने फाडायला मी बसलेली नाही. मी कोर्टाच्या जवळच्या एका गल्लीत झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवते, सतरा वर्षं झाली. हे पत्र धुळीबद्दल आहे आणि थोडं कायद्याबद्दल, आणि शेवटी तुमच्याकडे एकच काम आहे, तेवढं वाचाच.

आधी माझ्या काचेचं सांगते. आमच्या मशीनला वर फीडर असतो, त्यात गठ्ठा ठेवला की पानं आपोआप खेचली जातात, आणि ती एका अरुंद काचेच्या पट्टीवरून सरकतात. त्या पट्टीवर धुळीचा एक कण जरी बसला ना, तर वरपासून खालपर्यंत सरळ काळी रेघ येते, एका पानावर नाही, गठ्ठ्यातल्या सगळ्या पानांवर. पूर्वी सकाळी दुकान उघडलं की एकदा काच पुसायची, दिवस निघून जायचा. नोव्हेंबरपासून दिवसातून चार-पाच वेळा पुसते. वकील लोक दारातूनच ओरडतात, "ताई रेघ येतेय", की मग परत मशीन उघड, मऊ फडकं घे, पुस, परत चाळीस पानं काढ, आधीची चाळीस रद्दीत, त्याचे पैसे कोण देणार, मीच.

नोव्हेंबरमधे काय झालं तर आमच्या गल्लीत जेसीबी आला. पाईप टाकला, वरून माती लोटली, आणि गेले. डांबर नाही, काही नाही. त्यानंतर त्याच मातीवरून डंपर जायला लागले, खडीचे, मुरुमाचे, ताडपत्री कुणावरच नाही. पाणी एकदाच मारलं, त्या दिवशी त्या रस्त्याने कोणीतरी मोठं माणूस जाणार होतं म्हणे. काम कोणाचं आहे हे कळायला मार्ग नाही कारण बोर्डच नाही. एका ऑफिसात विचारलं तर त्यांनी दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, दुसऱ्याने सांगितलं ते काम आमचं नाहीच, तुम्ही अर्ज द्या. दिला. पोचपावतीची झेरॉक्स माझ्याच दुकानात काढली, त्यावरही रेघ आली, खोटं नाही सांगत.

आता तुम्ही म्हणाल झेरॉक्सवालीला हवेच्या कायद्यातलं काय कळतं. बरोबर आहे, वकील नाहीये मी. पण सतरा वर्षं निकालाचे गठ्ठे हातातून जातायत, टाईप करता करता वाचलं जातंच, आणि नाही कळलं तर समोर वकील चहा पीत बसलेलेच असतात, विचारलं की सांगतात. आणि गेल्या दोन वर्षांत या हवेच्या आणि हवामानाच्या विषयावर इतकं काय काय निघालंय की मी एक वेगळी फाईलच करून ठेवलीय.

त्या फाईलमधे पहिला निकाल माळढोकाचा. हो, तो आपला सोलापूरच्या नान्नजच्या अभयारण्यामुळे माहीत असलेला पक्षी. केस होती राजस्थान-गुजरातची, विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून तारा जमिनीखालून न्या अशी मागणी, आणि दुसरीकडे सोलरची वीज वाहून न्यायला त्याच तारा पाहिजेत. मार्च २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, सरन्यायाधीश चंद्रचूड होते तेव्हा, आणि त्यात जाता जाता एक फार मोठी गोष्ट बोलून गेले, की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे, घटनेच्या कलम १४ आणि २१ मधे तो बसतो. म्हणजे समानतेचा हक्क आणि जगण्याचा हक्क. देशात हवामान बदलावर वेगळा असा एकच सगळं सांगणारा कायदा अजून नाही, हेही त्याच निकालात लिहिलंय. कायदा नाही पण हक्क आहे, असं सगळं.

मग जुलै २०२५. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. वानुआतू नावाचं समुद्रातलं छोटंसं बेटांचं राष्ट्र, तिकडच्या भागातल्या लॉच्या विद्यार्थ्यांनी ही कल्पना उचलून धरली, ती संयुक्त राष्ट्रांपर्यंत गेली आणि २३ जुलैला पंधराच्या पंधरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, मर्जीचा मामला नाही, आणि जबाबदारी मोडली तर भरपाईचाही प्रश्न येऊ शकतो. सल्ला आहे तो, हुकूम नाही, तरी एक ज्युनिअर वकील मुलगी इतकी खूश होती की तिने अख्खाच प्रिंट मारला आणि स्पायरल करून घेतला. मी तेव्हा काच पुसून दिली होती बरं का, एक रेघ नाही त्यात.

तुम्हाला वाटेल हेग कुठे, वानुआतू कुठे, आणि प्रभागातली गटार कुठे. मलाही तसंच वाटायचं. पण माझे मामा निफाड तालुक्यात द्राक्षं करतात, त्यांना विचारा. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला तो ऑक्टोबर संपला तरी हटेना. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीला ऊन लागतं, तेव्हाच काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड तयार होत असतो, ऊनच नाही म्हटल्यावर ऑक्टोबर छाटणी करून बघतात तर काडीला नुसता पाला, घड नाहीच. मामा म्हणाले, "औषधाचा खर्च झाला, मजुरी झाली, आणि बागेत नुसती मांडव-सावली." आणि त्यांच्या बागेचा जो भाग रस्त्याच्या कामाला लागून आहे तिथे पानांवर धुळीचा असा थर बसतो की फवारणी पानाला लागायच्या आधी धुळीलाच लागते. म्हणजे आभाळातून एक आणि रस्त्यावरून एक, असं दोन्हीकडून. बाकी थंडगार हवेचं नाशिक, हवा बदलायला लोक देवळालीच्या सॅनिटोरियममधे येऊन महिना-महिना राहायचे ते नाशिक, हे मी आता पोरांना सांगते तर हसतात.

फाईलमधला पुढचा कागद मात्र मला तितकासा आवडलेला नाही. हवेचा कायदा १९८१ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. १९८६ च्या कायद्यात उल्लंघन केलं तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. २०२३ मधे जनविश्वास नावाचा कायदा आला, त्यातले हे बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, आणि बहुतेक ठिकाणी तुरुंगाच्या जागी दंड आला, १० हजारापासून १५ लाखापर्यंत. तुरुंग येतो तो दंड भरला नाही तर. खरं सांगायचं तर तुरुंग होता तेव्हाही धूळ उडवली म्हणून आत गेलेला माणूस माझ्या पाहण्यात एकही नाही, आणि मी तर कोर्टाच्या दारातच बसलेली असते. त्यामुळे दंड खरंच वसूल झाला तर तो बराच म्हणायचा. पण दंड ठरवणार कोण, तर राज्यात सचिव दर्जाच्या खालचा अधिकारी चालत नाही. तक्रार साध्या माणसालाही करता येते, त्याचा फॉर्मही आहे, नोव्हेंबर २०२४ च्या नियमात, मी टाईप करून ठेवलाय. पण बघा ना, आमच्या गल्लीतली माती, तिची तक्रार सचिव दर्जाच्या साहेबांकडे, आणि नोटीस निघाल्यापासून चौकशीला सहा महिने. तोवर ठेकेदार पुढच्या गल्लीत, त्याच्या पुढच्या गल्लीत, आणि धूळ आमच्या छातीत.

ऑगस्ट २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने अजून एक चांगलं केलं, प्रदूषण मंडळं स्वतः नुकसानभरपाई वसूल करू शकतात, आधीच बँक गॅरंटीही मागू शकतात, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे दात आहेत आता. चावायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आणि एक गंमत. मे २०२५ मधे न्यायमूर्ती ओक, आपले ठाण्याचे, निवृत्त व्हायच्या आठवडाभर आधी त्यांच्या खंडपीठाने निकाल दिला की आधी बांधकाम करा आणि मग मागच्या तारखेने पर्यावरण मंजुरी घ्या, हा प्रकार बंद. काय प्रती गेल्या त्याच्या! पुढे १८ नोव्हेंबरला तोच निकाल दोन विरुद्ध एक अशा मताने मागे घेतला गेला, सरन्यायाधीश गवईंच्या बेंचवर, न्यायमूर्ती भुयान यांनी विरोधात लिहिलं आणि चांगलं कडक लिहिलं. सहा महिन्यांत मांडलेला डाव उलटा. मोठ्या निकालांवर फार विसंबून राहू नये हे मी तिथे शिकले.

याच गवईसाहेबांनी सप्टेंबर २०२५ मधे फटाक्यांच्या सुनावणीत विचारलं होतं की दिल्लीच्या लोकांना स्वच्छ हवेचा हक्क आहे तर बाकीच्या शहरातल्या लोकांना का नाही. हे वाचून मी दुकानात एकटीच टाळी वाजवली. कारण बघा, दिल्लीसाठी वेगळा आयोग आहे, २०२१ चा कायदा आहे त्याचा, हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने बांधकामं बंद होतात, डंपर बंद होतात. नाशिकसाठी असं काही नाही. आपण फक्त यादीत आहोत, ती २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाची यादी, हवा वर्षानुवर्षं मानकात बसत नाही अशा शहरांची. आधी २०-३० टक्के धूळ कमी करायचं ठरलं होतं, मग २०२५-२६ पर्यंत ४० टक्के. मानक म्हणजे पीएम १० चं, हवेतल्या बारीक धुळीचं, वर्षाचं सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून म्हणते १५. आपलं ६० हे २००९ चं आहे, तेव्हा माझं दुकान नुकतंच उघडलं होतं, त्यानंतर मशीन तीनदा बदललं.

यादीबरोबर पैसेही येतात. दिल्लीच्या सीएसई या पर्यावरणावर काम करणाऱ्या संस्थेने २०२४ मधे हिशोब मांडला होता, देशभर या कार्यक्रमातला ६४ टक्के खर्च रस्त्याच्या धुळीवर झाला, कारखान्यांवर एक टक्कासुद्धा नाही. म्हणजे सगळ्यात जास्त पैसा ज्या गोष्टीवर गेला ती गोष्ट माझ्या काचेवर रोज सकाळी हजर. झाडूचं मोठं मशीन रात्री रस्ता झाडून जातं आणि सकाळी उघडा डंपर तोच रस्ता परत भरून देतो, याला काय म्हणायचं?

हवा मोजायची सरकारी स्टेशनं शहरात आहेत, गंगापूर रोडला, हिरावाडीला, पांडवनगरीला आणि अंबड एमआयडीसीत. आमची गल्ली त्यातल्या कुठल्याच स्टेशनला दिसत नाही, माझ्या मशीनला दिसते.

आता मुद्द्याचं. त्या फाईलमधे सगळ्यात पातळ कागद आहे तो मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो. केंद्र सरकारची २५ जानेवारी २०१८ ची अधिसूचना. माळढोक नाही, हेग नाही, साधी धूळ. त्यात काय लिहिलंय बघा: धूळ रोखायची सोय केल्याशिवाय खोदकाम करायचं नाही. सुटी माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही. साईटला आडोसा लावायचा, पाणी मारायची सोय ठेवायची. रस्त्याच्या कडेला माल टाकायचा नाही. झाकल्याशिवाय गाडी न्यायची नाही. फरशी-दगड उघड्यावर कापायचे नाहीत. आणि धूळ रोखायला काय काय केलंय याचा बोर्ड लोकांना दिसेल असा साईटवर लावायचा. आठ वर्षं झाली याला. आठ वर्षांत मी असा बोर्ड नाशिकमधे एकदा पाहिलाय, एका खाजगी बिल्डरच्या साईटवर, तोही अर्धा फ्लॅटच्या जाहिरातीने झाकलेला.

बोर्डावर मी का अडून बसलेय ते सांगते. बोर्ड असला की माणूस वाचतो, वाचलं की बघतो ताडपत्री आहे का, नसली की फोटो काढतो. बोर्ड नसेल तर मग माझ्यासारखं या ऑफिसातून त्या ऑफिसात. आणि तुम्ही कृपा करून जागा नाही, खर्च होतो असं म्हणू नका, वाढदिवसाचे फ्लेक्स आपल्याकडे एका रात्रीत लागतात, कुठल्या खांबावर किती उंचीवर लावायचा हे तुमच्या पोरांना पाठ आहे.

कुंभमेळ्याची कामं आहेत, मला मान्य आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, रस्ते व्हायलाच पाहिजेत, पूल व्हायलाच पाहिजेत, कामं थांबवा असं मी म्हणतच नाहीये. माझा धंदाही वाढलाय, टेंडरचे गठ्ठे काय कमी येतात का! आणि टेंडरचे गठ्ठे येतात म्हणूनच माहितीय की अटींमधे धुळीचं एखादं कलम बऱ्याचदा असतंच, पान साठ-सत्तरच्या आसपास, सही करताना कोणी वाचत नाही. कुंभासाठी तोडायच्या म्हटलेल्या तपोवनातल्या झाडांसाठी नोव्हेंबर-डिसेंबरमधे किती लोक उभे राहिले पाहिलंत ना, कारण झाडावर फुली मारली की ती दिसते. धुळीवर फुली मारता येत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी येत नाही, म्हातारी माणसं आणि दम्याची पोरं घरात खोकत बसतात. माझ्या धाकट्याला या वर्षी पहिल्यांदा नेब्युलायझर लावला. डॉक्टर म्हणाले धूळ टाळा. कशी टाळू?

तर माझं म्हणणं इतकंच आहे. ठेकेदाराला तुरुंगाची भीती कधी नव्हती, दंडाची तर त्याहून नाही, त्याला भीती एकाच गोष्टीची, बिल अडकायची. रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, निघतं तेव्हा जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर, साईटवर येऊन माप घेतो, एमबीत, म्हणजे मापाच्या वहीत, लिहितो, मग फाईल वर जाते. तुम्ही महासभेत एवढाच ठराव करा की त्या मापाबरोबर तीन फोटो लागतील, बोर्डाचा, झाकलेल्या मातीचा आणि पाणी मारल्याचा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि फोटो नसेल तर बिल पुढे सरकणार नाही. नवीन कायदा नको, सचिव नको, हेग नको. फोटो सगळ्यांना बघता येतील असे वेबसाईटवर टाका, खोटा असला तर गल्लीतलेच सांगतील की ही आमची गल्ली नव्हेच.

पाणी कुठून आणायचं असं इंजिनिअरसाहेब विचारतील. पिण्याचं नकोच. तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडीला आपली मलजल शुद्धीकरण केंद्रं आहेत, प्रक्रिया केलेलं पाणी टँकरने घ्या, शेवटी ते नदीतच सोडता ना.

राडारोड्याचे नवीन नियम पण १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला आपला राडारोडा कुठे गेला, त्यातला किती परत वापरला याचा हिशोब द्यावा लागणार. ते मोठ्यांचं मोठं, तुम्ही नुसतं विचारत राहा. आणि महासभेत आहातच तर एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचंही विचारा. जुलै २०२५ ला केंद्राने बहुतेक औष्णिक वीज केंद्रांना सल्फर काढायच्या यंत्राची सक्ती माफ केली, पण दहा लाखांच्या वरच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतल्यांना डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. २०११ च्या जनगणनेतच आपण चौदा लाखांच्या वर होतो आणि ते धुरांडं तर नाशिकरोडहून दिसतं, मग आपलं केंद्र कुठल्या वर्गात धरलंय याचं लेखी उत्तर घ्या. लेखी हं, तोंडी नको. लेखी असलं की माझ्याकडे झेरॉक्सला येतं.

त्या २०१८ च्या अधिसूचनेचं मी सोप्या मराठीत एक पान टाईप केलंय, मोठ्या अक्षरात, दुरून वाचता येईल असं. तुमच्या १२२ जणांसाठी १२२ प्रती काढून लॅमिनेशन करून ठेवल्यात, पैसे नकोत. काच प्रत्येक वेळी पुसलीय, रेघ एकावरही नाही. दुकान रविवार सोडून सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसात उघडं असतं. गल्लीत सध्या गाडी येत नाही, कोपऱ्यावर लावून चालत यावं लागेल, आणि जमलं तर त्या दिवशी पांढरे कपडे घालू नका.

तुमची,
कोर्टाजवळची झेरॉक्सवाली ताई